पोटावरची अक्षरे

माझ्या चुलतबहिणीच्या घरी एक लोखंडी बेडूक आहे. मुठीत जेमतेम मावेल एवढा, रंगाने काळसर तपकिरी, आणि वजनाला असा की प्रथमच उचलणाऱ्याचा हात किंचित खाली येतोच. आमचे धाकटे काका बोटीवर इंजिनखात्यात होते. 1956 साली त्यांनी तो योकोहामाहून आणला. बेडूक दोनशे वर्षांचा जुना असून कोणा सामुराईच्या लिहिण्याच्या चौरंगावर बसत असे, ही कथा आम्ही मुलांनी काकांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकली होती की त्या सामुराईचा चेहरासुद्धा आम्हांला ओळखीचा वाटे. दिवाळीत फराळाला आलेल्या पाहुण्यांपुढे चकल्यांच्या ताटामागोमाग बेडूकही फिरायचा. शिसवी टेबलावर ओरखडे पडू नयेत म्हणून काकूंनी त्याच्या पोटाला हिरव्या बनातीचा तुकडा चिकटवून ठेवला होता.

मागल्या दिवाळीच्या साफसफाईत ती बनात सुटली, आणि खाली पाच उठावाची रोमन अक्षरे निघाली : जपान.

बहिणीने त्याच संध्याकाळी मला फोन केला. "दादा, दोनशे वर्षांपूर्वीचे सामुराई पोटावर इंग्रजी लिहायचे का रे?" स्वर थट्टेचा होता, पण थोड्या वेळाने ती म्हणाली, "म्हणजे बाबा आम्हांला फसवत होते?" या दुसऱ्या प्रश्नाला मला चटकन उत्तर देता आले नाही. जपानी बिडाच्या प्राण्यांचा नाद मला गेली कित्येक वर्षे आहे. दहा-पंधरा नग माझ्यापाशी आहेत, आणि त्यांच्याविषयी जे काही हाती लागते ते मी वाचतो. तेव्हा बेडकाची चौकशी माझ्याकडे आली हे योग्यच झाले. तिच्या निमित्ताने, या वस्तूंकडे पाहण्याच्या रूढ रीतीशी माझे जे जुने भांडण आहे तेही मांडून घेतो.

प्रथम त्या पाच अक्षरांविषयी. ती लिहविणारा कोणी जपानी नव्हता. 1890 साली अमेरिकेत मॅकिन्लेच्या नावाने ओळखला जाणारा जकातीचा कायदा झाला, आणि परदेशातून येणाऱ्या मालावर मूळ देशाचे नाव इंग्रजीत असलेच पाहिजे, असे ठरले. जपानी कारखानदार त्यानुसार 'निप्पोन' असे लिहू लागले. 1921 साली अमेरिकेच्या जकातखात्याच्या ध्यानात आले की निप्पोन हा शब्द इंग्रजी नसून जपानीच आहे; तेव्हापासून 'जपान' लिहिणे भाग पडले. पुढे महायुद्धात पराभव झाल्यावर, देश दोस्तांच्या ताब्यात असताना, 1947 ते 1952 च्या दरम्यानच्या पुष्कळ निर्यात मालावर 'व्याप्त जपानमध्ये बनविलेले' अशा अर्थाची अक्षरे आली. आज केवळ ही अपमानकारक ओळ जमविणारे हौशी लोक अमेरिकेत आहेत. वस्तू बरी की वाईट याचे त्यांना सोयरसुतक नसते.

आमच्या बेडकाच्या पोटावर नुसते 'जपान' आहे. म्हणजे तो बहुधा 1921 नंतरचा, निर्यातीसाठी ओतलेला. काकांनी घेतला तेव्हा कदाचित वर्षभरही जुना नसेल. सामुराई गेला. जाता जाता हेही सांगावयास हवे की अशी अक्षरे नसणे हा प्राचीनत्वाचा पुरावा मुळीच नाही. पुष्कळ मालावर कागदाची किंवा चकचकीत वर्खाची चिठ्ठी तेवढी चिकटवलेली असे, आणि चिठ्ठी पहिल्याच पावसाळ्यात गळून पडते. 'खूण नाही, त्या अर्थी जुना' असे म्हणणाऱ्या विक्रेत्यापासून वाचकांनी चार हात दूर राहावे.

हे लोखंड येते कुठून? जपानच्या मुख्य बेटाच्या ईशान्येस इवाते नावाचा प्रांत आहे. तिथल्या मोरिओका गावी सतराव्या शतकात नांबू घराण्याच्या सरदारांनी चहाच्या किटल्या ओतणारा कारागीर क्योतोहून आणवला, आणि तेव्हापासून 'नांबूचे लोखंड' हे नाव झाले. त्याच प्रांतात दक्षिणेला मिझुसावा आहे. तिथले ओतकाम याहून पुष्कळ जुने. परंपरा ते हिराइझुमीच्या फुजिवारा घराण्यापर्यंत नेऊन भिडवते. गंमत अशी की मिझुसावा नांबूंच्या मुलखात नव्हतेच. ते सेंदाईच्या दाते घराण्याच्या अमलाखाली होते. आज मात्र दोन्ही गावांच्या मालाला नांबूच म्हणतात, आणि 1975 साली जपान सरकारने परंपरागत हस्तव्यवसायांची पहिली नामावली केली तेव्हा तीत हे नाव आले. शिवाय यामागाता प्रांतात बीड ओतणारे निराळेच. एवंच 'नांबू' एवढे वाचून बेडकाचे गाव कळले असे होत नाही. आपल्याकडे कुठल्याही काठापदराच्या साडीला पैठणी म्हणणारे दुकानदार आहेत, तसेच हे.

खरी ओळख हाताने पटते. लोहचुंबक लावून पाहणे ही पहिली पायरी. ती मी शिकलो ती दंड भरून. मुंबईच्या जुन्या बाजारात एका दुकानी मला काळाभोर खेकडा दाखवण्यात आला. दुकानदाराने "अस्सल जपानी बीड" म्हटले, मी घासाघीस केली, आणि आपण त्याला फसवले अशा आनंदात घरी आलो. चुंबक त्याला चिकटेना. काळा रंग दिलेले जस्त होते ते. आज तो खेकडा माझ्या संग्रहात पहिल्या जागेवर आहे. नव्या वस्तूला हात लावण्यापूर्वी मी त्याच्याकडे एकदा पाहून घेतो.

चुंबक चिकटला म्हणजे वस्तू उलटी करावी. ओतीव प्राण्याची सारी हकिगत पोटाखाली लिहिलेली असते; नुसती अक्षरे वाचून ती कळत नाही. साचा दोन भागांचा असतो, आणि ते जिथे मिळतात तिथे वस्तूवर एक बारीक धार उरते. चांगल्या कारखान्यात ती कानशीने घासून टाकतात, पण मांडीच्या वळणात किंवा शेपटीखाली ती कुठे तरी सापडतेच. वस्तू पोकळ असेल तर आत गाभ्याच्या वाळूचा खरखरीतपणा राहिलेला असतो. तळ कसा सपाट केला आहे तेही पाहावे : हातच्या कानशीचे ओरखडे वाकडेतिकडे असतात, विजेच्या चाकाचे एका दिशेने जातात. साचेही दोन प्रकारचे. एक, ओल्या वाळूत नमुना दाबून केलेला. यात माल भराभर निघतो. दुसरा, माती आणि वाळू थरांनी चढवून, भाजून तयार केलेला. उत्तम किटल्या यातूनच निघतात. बाजारातले बहुतेक प्राणी पहिल्या प्रकारचे आहेत, हे कबूल केलेले बरे. किटलीचे सगळे सोवळेओवळे प्राण्यांना लावण्यात अर्थ नाही.

आता एक युक्ती सांगतो. ती मला फार आवडते, कारण तिच्यात कोणाच्या शब्दावर विसंबावे लागत नाही. बीड थंड होताना लांबीत सुमारे शेकडा 1 आकसते. अस्सल वस्तूवरूनच कोणी साचा घेतला आणि नक्कल ओतली, तर नक्कल तेवढी लहान होते. दहा सेंटिमीटरच्या कासवाची नक्कल एक मिलिमीटरने आखूड. नकलेची नक्कल त्याहून आखूड. शिवाय दर वेळी पाठीवरच्या रेघा थोड्या बुजतात, डोळ्याची पापणी थोडी जाड होते. दोन कासवे शेजारी ठेवून पट्टी लावली की कोण बाप आणि कोण नातू ते तत्काळ कळते.

रंगाची गोष्ट तर कोणाही गृहिणीला ऐकायला आवडेल अशी आहे. नांबूची चांगली वस्तू तापवून तिच्यावर उरुशी नावाच्या झाडाच्या चिकाचा लेप देतात, आणि वर आंबट पाण्यात लोखंड मुरवून केलेले, चहाचा अर्क मिसळलेले काळे पाणी फिरवतात. या पाण्याचे नाव ओहागुरो. जुन्या काळी जपानी बायका दात काळे करीत ते याच नावाच्या द्रव्याने! आपल्या पणज्या दातवण लावून दात काळे करीत; त्यांना हा बेडूक पाहून परका वाटला नसता. काही नव्या वस्तूंवर मात्र उरुशीऐवजी काजूच्या टरफलाच्या तेलापासून केलेले रोगण असते. जपानीत त्याचे नावच काश्यू. ज्या तेलाने कोकणात काजू भाजणाऱ्या बायांचे हात सोलवटतात त्याचे तिकडे असे सोने होते. काश्यूचा थर एकसारखा, काचेसारखा दिसतो. उरुशी आणि ओहागुरोचा रंग खोलगट आणि थोडा असमान असतो, आणि जिथे हात लागतो तिथे वर्षानुवर्षे उजळत जातो. खोटा गंज नारिंगी आणि सगळीकडे सारखा असतो; बोटाला लागतो. खऱ्या जुन्या लोखंडाचा गंज काळपट असतो आणि आत मुरलेला असतो.

इतके सगळे कळल्यावर रसिक तृप्त व्हावा. तसे होत नाही. लिलावांच्या याद्या चाळाव्यात : अमक्याची सही, तमक्या राजवटीतला, किरीच्या लाकडाच्या मूळ पेटीसह. पेटीवरचे हस्ताक्षर वाचण्यात चार ओळी जातात, आणि पेटीत बसलेला प्राणी जिवंत वाटतो की मेलेला, याविषयी एक शब्द नसतो. पेटी तर काय, बदलताही येते. माझे भांडण आहे ते इथे.

या याद्यांत सर्वांत मानाचे स्थान मिळते ते 'जिझाई' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्राण्यांना. चिलखते घडविणाऱ्या म्योचिन घराण्याने शांततेच्या दीर्घ काळात लोखंडी पत्रे ठोकून, खिळ्यांनी जोडून असे प्राणी केले की त्यांचे सांधे हलतात : साप वेटोळे घालतो, खेकडा नांग्या उघडतो. म्योचिन मुनेआकीचा 1713 सालचा अजगरासारखा ड्रॅगन टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पुढे 1876 साली तलवार बाळगण्यास बंदी झाली, धातुकारागिरांनी परदेशी गिऱ्हाइकाकडे मोर्चा वळवला, आणि या कलेलाही पाश्चात्त्य बाजार मिळाला. मी ड्रॅगन पाहिला आहे तो छायाचित्रांत; कधी सरळ, कधी गुंडाळलेला. कौशल्यापुढे मान लवतेच. परंतु हे काम घडीव आहे, ओतीव नव्हे, आणि दोन्हींना एकाच कपाटात बसवणारे संग्राहक पहिली चूक तिथेच करतात. शिवाय, मला स्पष्ट बोलायचे तर, ड्रॅगन पाहताना मी लोखंड विसरतो. ते कापडासारखे वळते, माशाच्या खवल्यांसारखे हलते. पाहणाऱ्याला लोखंडाचा विसर पाडणे हाच तर त्याचा पराक्रम आहे. आमचा बेडूक उलट्या बाजूचा. त्याला लोखंड असण्याची लाज नाही.

बीड कडक असते पण ठिसूळ. लांब, बारीक अवयव त्याला सोसत नाहीत, पडले की तुटतात. म्हणून चांगला ओतारी प्राणी निवडतो तोच गोळीबंद : बेडूक, कासव, घुबड, झोपलेले मांजर, पाय दुमडून बसलेला बैल. खेकडा अवघड, चांगल्या खेकड्याचे पाय टोकाशी जमिनीला आणि मुळाशी कवचाला असे धरून असतात की सगळा मिळून एकच दगड वाटावा. घोडा सर्वांत अवघड, आणि नेमका इवाते हा घोड्यांचा मुलूख. तिथे जूनमध्ये शृंगारलेल्या घोड्यांची घुंगरांच्या नादात मिरवणूक निघते. माझ्यापाशी एक लोखंडी घोडा आहे. त्याची मान इतकी खाली झुकली आहे की तोंड पुढच्या पायांना टेकते. कोणी म्हणेल, चरतो आहे. मला वाटते ओताऱ्याला तोंड आणि पाय एकमेकांना आधार द्यायचे होते, आणि त्या आधारातून चरणे आपोआप आले. गरजेतून आकार आणि आकारातून भाव, असा हा उलटा प्रवास ज्या वस्तूत दिसतो ती मी पसंत करतो.

वाईट वस्तूही ढीगभर आहेत, आणि त्यांत जुन्याही आहेत. मातीच्या खेळण्यावरून साचा घेऊन मांजराला केस न केस कोरलेला. बशीएवढ्या डोळ्यांचे, गोड दिसण्याचा हट्ट धरणारे घुबड. हे माल कुठल्याही धातूत, नाही तर साखरेतसुद्धा, तितकेच दिसले असते. अमेरिकेतले बिडाचे कुत्रे, दाराला अडसर म्हणून ठेवायचे, कधी कधी जपानी म्हणून खपवले जातात. ते पुष्कळदा दोन अर्धुके जोडून केलेले आणि भडक रंगवलेले असतात. त्यांच्यात स्वतःची अशी एक रांगडी मजा आहे. पण लोखंड रंगाखाली दडलेले.

इथे कोणी यानागी सोएत्सूंचे नाव काढील. लोककारागिरीला 'मिंगेई' हे नाव त्यांनी आणि त्यांच्या कुंभार मित्रांनी 1925 च्या सुमारास दिले, 1936 मध्ये टोकियोत तिचे संग्रहालय उघडले, आणि निनावी कारागिराच्या हातून नकळत सौंदर्य उतरते असे आयुष्यभर सांगितले. सहीच्या मागे धावणाऱ्यांना हे औषध हवेच होते. परंतु औषधाचीही सवय लागते. आज 'मिंगेई' हीच एक सही झाली आहे. चिठ्ठीवर तो शब्द आला की किंमत चढते. शिवाय यानागींना निर्यातीच्या बाजारू मालाचे प्रेम नव्हते. आमच्या बेडकाच्या पोटावरची अक्षरे पाहून त्यांनी तो हळूच खाली ठेवला असता, असे मला वाटते. माझे म्हणणे असे की त्यांनी तो उलटा करण्यापूर्वी थोडा वेळ सुलटा धरावा. मागचे पाय शरीराखाली दाबलेले, पाठीचा कणा एकाच वळणात डोक्यापर्यंत आलेला, डोळे म्हणजे दोन साधे फुगवटे. तोंडाची रेघ एकच आहे, आणि ती डाव्या बाजूला किंचित वर गेली आहे. ती मूळ नमुन्यातच तशी होती की साचा हलला, देव जाणे. उडी मारण्यापूर्वीचा क्षण त्यात आहे, आणि उडी कधीच मारली जाणार नाही हे वजनही आहे.

अशा किती वस्तू नाहीशा झाल्या असतील याची एक खिन्न बाजूही आहे. 1941 साली जपानमध्ये धातू जमा करण्याचा हुकूम निघाला. देवळांच्या घंटा गेल्या, घरांतले लोखंड गेले. परतून न आलेल्या धन्याची शिबुया स्थानकावर वर्षानुवर्षे वाट पाहणारा हाचिको कुत्रा सर्वांना ठाऊक आहे. 1934 साली उभारलेला त्याचा काशाचा पुतळाही युद्धाच्या शेवटी भट्टीत गेला. आज तिथे आहे तो 1948 चा. म्हणून युद्धापूर्वीचा साधा घरगुती लोखंडी प्राणी हाती आला तर तो कसा वाचला याचे नवल वाटावे. पण या नवलाचाही विक्रेत्यांनी धंदा केला आहे, तेव्हा पट्टी आणि चुंबक जवळ असू द्यावे.

हे सगळे मी बहिणीला पत्राने कळवले. फोनवर सांगण्याजोगे ते नव्हते. दुकानदारानेच काकांना थाप मारली असेल, असेही लिहिले. ती मला स्वतःलाच पटत नव्हती. काकांना जहाजाच्या इंजिनातले बीड रोज हाताळावे लागे. नवे ओतकाम कोणते आणि दोनशे वर्षांचे कोणते, हे त्यांना माझ्याहून चांगले कळत असणार. कथा त्यांचीच होती.

पत्राच्या शेवटी, जागा उरली म्हणून, प्राण्यांच्या नावांतले श्लेष लिहिले. जपानी लोक असे प्राणी घरात का ठेवतात याचे कारण पुष्कळदा नुसता उच्चार असते. घुबडाला फुकुरो म्हणतात, आणि तोच उच्चार 'कष्ट नसणे' असाही लिहिता येतो. ताई नावाचा मासा शुभ, कारण 'मेदेताई' म्हणजे मंगल. आणि बेडकाला म्हणतात काएरु. काएरु म्हणजे 'परत येणे'. प्रवासाला जाणारा सुखरूप परतावा, खर्चलेला पैसा परत यावा, म्हणून लोक बेडूक जवळ बाळगतात.

चार दिवसांनी बहिणीचा फोन आला. काका प्रत्येक सफरीवर निघताना काकूंना एक वाक्य म्हणत, ते तिला आठवले होते : "बेडूक घरात आहे ना? मग मी येतोच." आम्ही सर्वांनी ते शेकडो वेळा ऐकले होते. ती काकांची नेहमीची चेष्टा आहे असे समजून कोणी लक्ष दिले नव्हते. पाहुण्यांना आम्ही सांगायचो ती सामुराईची गोष्ट. काका एकवीस वर्षे बोटीवर होते, आणि दर वेळी परत आले.

"मग हे त्यांनी सरळ का नाही सांगितलं?" बहीण म्हणाली.

मी म्हटले, काकू घाबरल्या असत्या. परत येण्यासाठी काही ठेवावे लागते, म्हणजे न येण्याचीही शक्यता आहे, हे त्यांच्या लक्षात आले असते.

यंदा तिने नवी हिरवी बनात आणली आहे. मी म्हणतो, लावू नकोस. आता लोकांना पोट दिसू दे. ती म्हणते, टेबलावर ओरखडे पडतात. बेडूक सध्या वर्तमानपत्राच्या घडीवर बसवला आहे.